काढलेला नोड फ्री कसा करायचा: सिंक्रोनाइझ_आरसीयू() की कॉल_आरसीयू()?

नोडकर:
लिनक्स कर्नलमध्ये आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट, म्हणजे रीडर लॉक न घेता वाचतात अशी पद्धत) २००२ पासून आहे (आवृत्ती २.५.४३), तरी ड्रायव्हरांमध्ये हा गोंधळ चालूच. लिस्टमधून काढलेला नोड लगेच केफ्री() (मेमरी परत करणं) करता येत नाही, कारण एखादा रीडर अजून त्याच्यावर असू शकतो. इथवर वाद नाही. माझं मत असं की सरसकट सिंक्रोनाइझ_आरसीयू() वापरावं, ते आधीचे सगळे रीडर संपेपर्यंत थांबतं. लिस्ट_डेल_आरसीयू()ने काढा, मग थांबा, मग केफ्री(). कोड वरून खाली वाचला की कळतो. कॉल_आरसीयू() न थांबता परततं आणि फ्री करणारं फंक्शन (कॉलबॅक) नंतर चालवतं; ते कधी चालेल ते डोक्यात धरून बसावं लागतं, शिवाय ६४-बिटवर प्रत्येक ऑब्जेक्टमागे त्या कॉलबॅकची नोंद ठेवणाऱ्या आरसीयू_हेडचे १६ बाइट जातात.

स्पिनलॉक्या:
साफ असहमत. बाइट मोजताय, वेळेचं काय? ग्रेस पिरियड (आधीच्या रीडरांसाठी थांबण्याचा काळ) संपायला प्रत्येक सीपीयू एकदा तरी कॉन्टेक्स्ट स्विच, आयडल किंवा युजर मोडमधून जावा लागतो. २० मिलिसेकंद धरा. हजार नोड एकेक करून काढलेत की २० सेकंद गेले. शिवाय सिंक्रोनाइझ_आरसीयू() झोपतं, म्हणजे स्पिनलॉक धरून बोलावता येत नाही. त्याचा एक्स्पेडायटेड (घाईचा) प्रकार लवकर परततो, पण इतर सीपीयूंना आयपीआय (एका सीपीयूने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट) पाठवून. रिअल-टाइम मशीनवर ते नकोच.

नोडकर:
हजारदा थांबा म्हणतंय कोण? लॉक धरून सगळे नोड काढा, बाजूच्या लिस्टमध्ये टाका, लॉक सोडा, एकदाच थांबा, मग सगळे फ्री करा.

स्पिनलॉक्या:
इथेच माती खाल्लीत. लिस्ट_मूव्ह() केलं की नोडचा नेक्स्ट (पुढच्या नोडचा पॉइंटर) बदलतो. त्या क्षणी त्या नोडवर असलेला रीडर तुमच्या खासगी लिस्टमध्ये शिरतो, मूळ हेड (जिथे फेरी संपते) त्याला भेटतच नाही आणि तो गोल गोल फिरत राहतो. त्याचा रीड सेक्शन संपत नाही, म्हणून तुमचा ग्रेस पिरियडही नाही. डिफॉल्ट सेटिंगला २१ सेकंदांनी आरसीयू स्टॉलची वॉर्निंग येते.

नोडकर:
बरोबर, ते लिहायचं राहिलं. स्ट्रक्टमध्ये त्यासाठी दुसरं लिस्ट_हेड ठेवायचं.

स्पिनलॉक्या:
म्हणजे दोन पॉइंटर. १६ बाइट. :)

कॅशलाइन:
कॉल_आरसीयू()वाल्यांनी फार हसू नये. युजरस्पेसमधून कुणी लूपमध्ये नोड घालत-काढत राहिला तर कॉलबॅकची रांग मेमरी खात सुटते. सिंक्रोनाइझमध्ये काढणारा स्वतःच अडकतो, हा फुकटचा ब्रेक. दुसरं, मॉड्यूल (कर्नलमध्ये घालता-काढता येणारा कोड) काढताना आधी नवे कॉलबॅक बंद करा आणि मग आरसीयू_बॅरियर() लावा, म्हणजे रांगेतले कॉलबॅक चालून होईपर्यंत थांबलं जातं. तो विसरलात तर मॉड्यूलचा कोड गेल्यावर कॉलबॅक चालायला येतो आणि ऊप्स (कर्नल एरर). कॉलबॅकमध्ये नुसतं केफ्री() असेल तर केफ्री_आरसीयू() वापरा, तिथे मॉड्यूलचं फंक्शन लागतच नाही. आरसीयू_हेड मात्र स्ट्रक्टच्या पहिल्या ४०९६ बाइटांत हवं.

स्पिनलॉक्या:
केफ्री_आरसीयू() मान्य. ब्रेक हवा तर काउंटर ठेवा, काढताना वाढवा, कॉलबॅकमध्ये कमी करा. मर्यादा ओलांडली की लॉक सोडून थांबा.

नोडकर:
म्हणजे शेवटी सिंक्रोनाइझ_आरसीयू()च!

स्पिनलॉक्या:
नाही, आरसीयू_बॅरियर(). सिंक्रोनाइझ रीडरांसाठी थांबतं. ते परतलं म्हणून कॉलबॅक चालून गेले असं होत नाही, काउंटर तिथल्या तिथे असू शकतो.