संगणक सुरक्षा शिकवताना लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचा उपयोग कसा करावा?

प्रश्न

नमस्कार. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना संगणक सुरक्षा शिकवतो आणि गेली काही वर्षे प्रत्येक मोठी सुट्टी सायकलवर सामान लादून दूरच्या प्रवासात घालवतो. ‘थ्रेट मॉडेल’, म्हणजे कशाचे, कोणापासून आणि कितपत रक्षण करायचे याची मांडणी, शिकवताना मला दर सत्रात एकच अडचण येते. एखाद्या लहान ग्रंथालयाच्या संगणकव्यवस्थेचा विचार करायला सांगितला, की विद्यार्थी ठाऊक असलेला प्रत्येक उपाय यादीत घालतात. काही धोके जाणूनबुजून पत्करावे लागतात, हे त्यांच्या गावीही नसते. सायकलच्या पिशव्या भरताना मात्र मला तोच निर्णय हातात वस्तू घेऊन करावा लागतो, कारण घेतलेली प्रत्येक वस्तू चढावर आपल्यालाच ओढावी लागते. हा अनुभव वर्गात कसा आणावा? शिवाय येत्या सुट्टीत सहा आठवडे प्रवासात असेन, तेव्हा माझ्या स्वतःच्या खात्यांची काय व्यवस्था ठेवावी, हेही जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर

आपली अडचण मी चांगली ओळखतो. माझ्या वर्गात मी विद्यार्थ्यांना चाळीस वस्तूंची यादी, प्रत्येकीचे वजन आणि मार्गाचे वर्णन देतो, आणि एकूण वजन बारा किलोच्या आत बसवायला सांगतो. खरा अभ्यास मात्र त्यानंतर सुरू होतो: वगळलेल्या प्रत्येक वस्तूपुढे ‘ही नसल्यामुळे कोणता धोका पत्करला आणि तो का चालेल’ हे एका वाक्यात लिहावे लागते. तोच कागद पुढच्या तासाला ग्रंथालयाच्या व्यवस्थेसाठी भरायला दिला, की याद्या आपोआप आखूड होतात आणि वाक्ये नेमकी होतात.

बॅकअप शिकवताना मी सायकलचा मोडलेला आरा वर्गात नेतो. सामान लादलेल्या सायकलचे आरे बहुधा मागच्या चाकाचे आणि त्यातही चेनच्या बाजूचे तुटतात. जादा आरे पुष्कळ जण सोबत ठेवतात. परंतु त्या बाजूचा आरा बसवायचा तर साधारणपणे आधी मागची दातेरी चक्रे काढावी लागतात, आणि ती काढण्याचे अवजार सोबत नसेल तर ते आरे म्हणजे नुसते ओझे. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा तीन नवे कोरे आरे पिशवीत होते आणि मी वाकडे झालेले चाक घेऊन पायी चालत होतो. ज्या बॅकअपमधून माहिती परत मिळवून पाहिलेली नाही, त्याची स्थिती याहून वेगळी नसते. हे ऐकल्यावर विद्यार्थी ‘बॅकअप घेतला आहे’ एवढ्यावर थांबत नाहीत. तो उघडून पाहिला का, असे एकमेकांना विचारतात.

दुसरे उत्तर

वरील सराव उत्तम आहे, परंतु त्यात एक उणीव राहते आणि ती विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवी. समोरचा वारा आपली यादी वाचत नाही आणि पाऊस कोणती पिशवी गळकी आहे हे शोधत बसत नाही. संगणक सुरक्षेत मात्र समोर विचार करणारा माणूस असतो आणि आपण मजबूत केलेली बाजू सोडून तो दुसरीकडून येतो. म्हणून प्रत्येक गटाची यादी दुसऱ्या गटाच्या हाती देऊन ‘यातून चोरी कशी कराल’ असे विचारावे.

येथे सायकलच्या कुलपांचा इतिहास उपयोगी पडतो. गोल किल्लीची काही मजबूत, महागडी कुलपे साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात, हे २००४ साली सर्वांसमोर आले आणि उत्पादकाला कुलपे बदलून द्यावी लागली. पोलाद कापण्याची गरजच कोणाला पडली नाही. यंत्रणेची रचना शत्रूला माहीत झाली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे, हे गूढलेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडलेले तत्त्व या एका उदाहरणाने जितके पटते तितके सूत्रांनी पटत नाही. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०२४ मध्ये संशोधकांनी बिनतारी गिअर बदलण्याचे संदेश ध्वनिमुद्रणासारखे टिपून घेतले आणि ते जसेच्या तसे पुन्हा पाठवून दुसऱ्याच्या सायकलचे गिअर बदलून दाखवले. संदेशाचा अर्थ उलगडण्याची त्यांना गरज नव्हती. संदेश गुप्त असणे आणि तो ताजा, म्हणजे आत्ताच पाठवलेला, असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तिसरे उत्तर

मी आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहिते. एका प्रवासात चौथ्या दिवशी पावसात माझा फोन बंद पडला. लॉगिनचे कोड देणारे ॲप त्याच फोनमध्ये होते, आणि रिकव्हरी कोड, म्हणजे ते ॲप हाताशी नसताना खाते उघडण्यासाठी आधीच मिळालेले कोड, ज्या ईमेल खात्यात जपून ठेवले होते, ते खाते उघडायलाही त्याच ॲपचा कोड लागत होता. तेव्हापासून मी रिकव्हरी कोड कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये गुंडाळते आणि फोनपासून दूर, दुसऱ्या बाजूच्या पिशवीत ठेवते. त्या कागदावर खात्याचे नाव किंवा पासवर्ड नसतो.

दुसरी गोष्ट मार्गाची. व्यायामाच्या वाटांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या नकाशावर व्यायाम करणाऱ्यांच्या वाटा एकत्र उजळून दिसत होत्या, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यातून लष्करी तळांच्या आतील रस्ते ओळखता येतात हे लक्षात आले. एकट्याने प्रवास करणाऱ्याने आजचा मुक्काम आजच जाहीर करू नये; मार्ग घरच्या दोन-तीन माणसांना कळवावा आणि इतरांसाठी परतल्यावरच खुला करावा.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

तिघांचेही मनापासून आभार. वजनाचा सराव आणि त्यानंतर याद्यांची अदलाबदल, असे दोन तास मी पुढच्या सत्रात ठेवतो आहे. तिसरे उत्तर वाचून काल रात्री फोन बंद करून ठेवला आणि दुसऱ्याच्या संगणकावरून माझ्या तीन महत्त्वाच्या खात्यांत शिरण्याचा प्रयत्न केला. दोन उघडली. तिसऱ्याचा पडताळणीचा संदेश मी दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या क्रमांकावर जात होता. तो आज सकाळी बदलून घेतला.