सावळ्या रंगावर वॉर्म ब्राऊन रोज घालावा का? मला वाटतं हो, तुमचं मत सांगा

मातीवाली_पुणे
शाळेत होते तेव्हापासून एकच ऐकत आलेय, सावळ्या मुलीने तपकिरी घालू नये, अंग आणि कपडा एकच दिसतं. आई म्हणायची, मावशी म्हणायची, आणि लग्नाच्या बस्त्याला तर काउंटरवरच्या माणसाने मी तोंड उघडायच्या आधीच सांगितलं, ताई तुम्हाला राणी कलर काढतो, हा राहू दे. हा म्हणजे गुळाच्या ढेपेच्या रंगाचा टसर होता, मरून काठांची रेशमी साडी, आणि ती मला बारा वर्षांनी पण आठवतो.

मागच्या दिवाळीनंतर एक साधा कॉटनचा काथ्या, म्हणजे पानातल्या काथाच्या रंगाचा कुर्ता घेतला आणि आता निम्मं कपाट त्याच्याच भावकीने भरलंय, दालचिनी, विटकरी, खारीक, कॉफी. माझं मत असं झालंय की आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या लोकांच्या रोजच्या कपड्यांचा बेस काळा नको, वॉर्म ब्राऊन हवा. काळ्यात माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं आधी दिसतात, काथ्या रंगात चेहरा आधी दिसतो.

फक्त झाक बघून घ्यायची. लाल किंवा पिवळी झाक असली तर तो वॉर्म, राखाडी झाक असली की ओल्या सिमेंटसारखा दिसतो आणि तो खरंच मळकट करतो. गळ्याजवळचा रंग आपल्या कातडीपेक्षा दोन पायऱ्या तरी गडद हवा, फिकी शेड खाली सलवार-पँटला, ओढणी ऑफ व्हाइट किंवा मोहरी. कानात सोन्याचं काहीतरी बारीक, ऑक्सिडाइज्ड पण चालतं पण सोन्याने जो उजेड येतो तो वेगळाच. पटत नसेल तर कारणासकट लिहा.

लोकलवाली
नाही पटलं. मी पण सावळीच, डोंबिवलीहून रोज येते. कॅमल, म्हणजे उंटासारख्या फिक्या ब्राऊन रंगाचा टॉप घातला होता तर अकरा वाजेपर्यंत दोघींनी विचारलं बरं नाहीये का. आणि घामाचं काय? सात-पन्नासच्या गाडीतून उतरल्यावर त्या टॉपच्या काखेत आणि पाठीवर पाण्याचे नकाशे उमटले होते, दिवसभर ओढणी पसरून बसले. काळ्या कपड्याला हे नाही, एक काळी लेगिंग माझ्या सात कुर्त्यांवर जाते, संध्याकाळी अचानक कुठे जायचं झालं तरी तीच चालते. ब्राऊन बेस करायचा म्हणजे चपला, पर्स, बेल्ट सगळं परत घ्या, महिन्याच्या पगारात ते बसत नाही हो.

मातीवाली_पुणे
@लोकलवाली कॅमलचं तुझं शंभर टक्के बरोबर, मी पण वर कॅमल घालत नाही कारण तो माझ्याच रंगाच्या फार जवळ जातो आणि लांबून कपडाच नाही असं वाटतं. पण म्हणून सगळा ब्राऊन बाद कसा? गडद कॉफी किंवा काथ्याला घामाचं पाणी तेवढं दिसत नाही, फिक्या खाकी-कॅमललाच जास्त दिसतं. आणि चपला पर्स म्हणशील तर आपल्यातल्या कितीतरी जणींकडे त्या आधीच ब्राऊन असतात, आपण काळ्या कपड्यावर त्या नाइलाजाने घालतो.

गजवार
मी ड्रेस मटेरियलच्या दुकानात १८ वर्षं काम करतोय म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, ब्राऊन दुकानात बघून घेऊ नका. पिवळ्या लाइटखाली कुठलाही ब्राऊन उबदार दिसतो आणि पांढऱ्या ट्यूबखाली तोच मेल्यासारखा दिसतो. पीस उचलून दारात या, उन्हात नाही, उजेडात, आणि हनुवटीखाली धरा. कुठलाही चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

दुसरी, ब्राऊन हा बहुतेक वेळा लाल-पिवळा-निळा असे रंग मिसळून केलेला असतो आणि धुण्यात सगळे सारखे टिकत नाहीत, त्यामुळे स्वस्तातला गडद ब्राऊन सहा महिन्यांत एकतर लालसर होतो नाहीतर हिरवट. काळा विटला तर निदान राखाडी होतो, वापरता येतो, हिरवट झालेला चॉकलेटी कोणी वापरत नाही. घ्यायच्या आधी पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासा, रंग लागला की सोडून द्या. आणि उलटा करून सावलीत वाळवा, एवढं केलं तर टिकतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर रोजच्यासाठी मी गिऱ्हाइकाला अजून नेव्हीच दाखवतो.

आजोळ_वाई
मी साठीच्या पुढची आहे. तुझ्या आईला आणि मावशीला नावं ठेवू नकोस, कारण ते फक्त रंग उजळ-सावळा एवढ्यापुरतं नव्हतं. माझ्या आजीच्या चुलत सासूबाई आलवण नेसायच्या. केशवपन झालेल्या विधवा बाईला तेच तांबडं जाडंभरडं लुगडं जन्मभर, आणि धुऊन धुऊन त्याचा जो रंग व्हायचा तो तू विटकरी म्हणतेस ना तोच. माझ्या आईने तो रंग घरात लहानपणी पाहिलेला होता. तिने आम्हा बहिणींना कधी विटकरी, तपकिरी घेतला नाही, कारणही सांगितलं नाही, मी पन्नाशीला आल्यावर एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं. तेव्हा माझं म्हणणं असं की ऑफिसला घालायचा तो घाल, पण हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, कोणाच्या डोहाळजेवणाला नको. सण आहे तर रंग दिसू दे अंगावर.

मातीवाली_पुणे
काकू, हे मला खरंच माहीत नव्हतं. वाचून थांबले थोडा वेळ. आईला आज रात्री फोन करून विचारणार आहे.

तरी एक म्हणू का, ज्या रंगाने त्या बायकांना कोपऱ्यात बसवलं तो रंग आपण आपल्या मर्जीने, इस्त्री करून, वर सोन्याचे झुमके घालून नेसला तर ते मला चुकीचं वाटत नाही. डोहाळजेवणाचं मात्र तुमचं ऐकते, तिथे समोरच्याच्या मनाचा प्रश्न आहे.

ट्रेंड_नको
मला वेगळाच राग आहे. हे सगळं २०२५ पासून वाढलंय कारण पँटोन या दरवर्षी एक रंग जाहीर करणाऱ्या कंपनीने त्या वर्षीचा रंग मोका मूस, म्हणजे कॉफीसारखा ब्राऊन, जाहीर केला आणि लगेच सगळ्या ब्रँडनी लाटे, मोका, एस्प्रेसो अशी कॉफीची मेन्युकार्डं छापली. आपल्याकडे चॉकलेटी म्हणून जो कुर्ता पडून होता तोच एस्प्रेसो नावाने महाग झाला. आणि २०२६ साठी त्यांनी पांढरा काढला, क्लाउड डान्सर. मग आता काय, कपाट परत पांढरं करायचं? जो रंग दुसरा कोणीतरी ठरवतो त्याचा आयुष्यभराचा बेस करू नये. नवरात्रीतही तसंच, २०२५ च्या नऊ रंगांच्या यादीत करडा होता, ब्राऊन नव्हता, तरी आपण यादी बघूनच कपडे काढतो.

पायताण_कोल्हापूर
@ट्रेंड_नको कॉफीची नावं त्यांची असतील पण रंग त्यांचा कसा काय? तपकीर ओढणारी माणसं आपली, तिच्यावरून नाव पडलं तपकिरी. काथ आपल्या पानातला. आणि कोल्हापुरी चपलेचा रंग कुठल्या डब्यातून येत नाही, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कातडं मुरवलं की तो मधाळ ब्राऊन आपोआप येतो, वापरून तेल पाणी लागून अजून गडद होत जातो. २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने मिलानमध्ये तसलीच चप्पल रॅम्पवर आणली, आधी कुठली ते सांगितलंच नाही, इथून ओरडा झाल्यावर कबूल केलं. तेव्हा आपणच तो रंग मळका म्हणून सोडून द्यायचा आणि मग दुसऱ्याने उचलला की चिडायचं हे मला बघवत नाही.

पुरुषांचं कोणी लिहिलंच नाही म्हणून सांगतो, मी रोज घालतो. गडद कॉफी पँट, वर फिका निळा किंवा बिनब्लीचचा खादी शर्ट, पायात कोल्हापुरी. एक काळजी घ्यायची, पट्टा आणि चप्पल एकाच ब्राऊनचे हवेत असं नाही, पण एक पिवळट आणि दुसरा राखाडी असं झालं की नजर तिथेच अडते. आणि वर खाली सगळं खाकी नको, बस स्टँडवर लोक गाडीची वेळ विचारायला येतात, माझ्या मित्राला खरंच विचारलंय.

श्यामला_नागपूर
मला मातीवालीच्या बाजूने बोलायचं होतं पण पहिली पोस्ट परत वाचली आणि खटकलं. गळ्याजवळ कातडीपेक्षा दोन पायऱ्या गडद, वर कॅमल नको, ही परत तीच पट्टी झाली ना? काउंटरवरचा माणूस राणी कलर म्हणत होता, तू काथ्या म्हणतेस, दोघंही आधी आमच्या कातडीकडे बघता. मी गडद सावळी आहे, तुझ्या हिशोबाने माझ्याकडे दोन पायऱ्या खाली जायला काळ्याशिवाय जागाच उरत नाही. मी कॅमल घालते, वर, गळ्यापर्यंत बंद, आणि माझ्यावर तो झगझगीत दिसतो कारण माझ्यासाठी तो फिका आहे.

मातीवाली_पुणे
@श्यामला_नागपूर बरोबर बोललीस. मी माझ्या अंगावरून नियम केला आणि सगळ्यांना लावला, ते चुकलं. म्हणायचं होतं ते एवढंच की कपडा आणि चेहरा यात अंतर दिसलं पाहिजे, मग कपडा चेहऱ्यापेक्षा फिका असो की गडद. पण अंतर बघूच नये हे मला नाही पटत, लोकलवालीचा टॉप तिच्या रंगाला जाऊन भिडला म्हणून तर तिला आजारी म्हणाले.

लोकलवाली
मला आजारी म्हणाले कारण बघणाऱ्यांना सावळ्या बाईवर भडक रंग बघायची सवय आहे, असं मला आता हे वाचून वाटायला लागलंय. तरी माझी काळी लेगिंग मी सोडणार नाही, पाऊस, चिखल, गर्दी, तिला पर्याय नाही. विटकरी कुर्ता एक घेऊन बघते त्याच्यावर.

गजवार
@मातीवाली_पुणे तो टसर अजून हवा असेल तर विदर्भातला बघा, भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडावरच्या किड्याचं रेशीम निघतं, न रंगवताच मधाच्या रंगाचं असतं. त्यात विटायला रंगच नाही, म्हणून मी वर जे म्हटलं ते त्याला लागू नाही.

मातीवाली_पुणे
हवाच आहे. मरून काठ मिळाला तर ब्लाउज कुठला घेऊ?

गजवार
मरूनवर मरून नको, जड होतं. मोरपंखी किंवा गडद मोहरी लावून बघा. आणि दुपारच्या आत जा, दारात उभं राहून अंगावर टाकून बघा, कोणी राहू दे म्हणालं तरी.