पहिल्या दिवशी सिवनी नको, रामटेक गाठा

नागपूर ते जबलपूर सायकलने, कमीत कमी खर्चात, हा तुमचा बेत मनापासून आवडला. फक्त पहिल्याच दिवशी सिवनी, म्हणजे सव्वाशे किलोमीटर, नको. मी तेच केलं होतं. सीट दोन बोटं खाली राहिली होती, पाठीवर सॅक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा वाकेना. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात थोडासाच बाक उरला पाहिजे. हे घरीच तपासा. ओझं कॅरिअरवर, पाठीवर काहीच नाही.

पहाटे निघून तर्री पोहे खा, कामठी-कन्हानमार्गे मनसर, तिथून उजवीकडे रामटेक. पन्नासेक किलोमीटर होतात, दुपारच्या आत टेकता. मुक्कामाला धर्मशाळा बघा, लॉजपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

दुसऱ्या दिवशी देवलापार सोडलं की पेंचचं जंगल. तो पट्टा उजेडातच पार करा, आणि खवासानंतर कुरईचा घाट आहे, त्यासाठी पाय राखून ठेवा. दोन जास्तीच्या ट्यूब, पंक्चरचं सामान आणि छोटा पंप मात्र पैसे वाचवायला म्हणून गाळू नका. जंगलात दुकान नाही.