सुट्टीचे दोन दिवस : चियांग माई, हनोई की मस्कत?

बार्देसकर यांचा प्रश्न

नमस्कार. मी म्हापशाजवळच्या एका विद्यालयात गेली नऊ वर्षे इंग्रजी शिकवतो. दोन वर्षे बाहेर जाऊन शिकवावे असा विचार पक्का होत आला असून तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत : थायलंडमध्ये चियांग माईची एक खासगी शाळा, व्हिएतनाममध्ये हनोईचे एक इंग्रजी शिकवणी केंद्र आणि मस्कतमधील भारतीय अभ्यासक्रमाची एक शाळा. पगार आणि कागदपत्रे यांविषयी पुरेशी माहिती मिळाली आहे. मला विचारायचे आहे ते सुट्टीविषयी. इथे शनिवारी सकाळची शाळा, दुपारी वह्या, रविवारी मासळी, जेवणानंतर झोप आणि संध्याकाळी देवळात भजन किंवा जत्रेच्या दिवसांत पहाटेपर्यंत नाटक, अशी माझी घडी बसलेली आहे. वर्गात चाळीस मुले समोर असली की परके वाटायला वेळच मिळत नाही. धास्ती वाटते ती सुट्टीच्या रिकाम्या दुपारची. आई घरी एकटी असेल, तिच्याशी निवांत बोलण्याचा दिवसही तोच. आपल्यापैकी ज्यांनी या ठिकाणी शिकवले आहे, त्यांनी आपले सुट्टीचे दिवस प्रत्यक्षात कसे जातात ते कृपया सांगावे.

तिरफळ यांचे उत्तर

मी मूळचा डिचोलीचा. चियांग माईत हे माझे चौथे वर्ष. आमच्या शाळेला शनिवार-रविवार सुट्टी असते. मात्र पालकांचा दिवस किंवा इंग्रजीचे शिबिर अशा निमित्ताने वर्षातले काही शनिवार जातात आणि त्यांचा वेगळा मोबदला मिळेलच असे नाही, तेव्हा करारात तेवढे पाहून घ्यावे.

शनिवार धुण्यात आणि वह्यांत संपतो. नाणी टाकून चालणारी धुलाईची यंत्रे बऱ्याच गल्ल्यांत आहेत. कपडे फिरत असतात तेवढ्या वेळात मी बाकावर बसून एका वर्गाचे निबंध संपवतो. रविवारी सकाळी वरोरोत बाजारात जातो. तिथे ‘पला थू’ नावाचा मासा मिळतो, तो आपल्या बांगड्याच्याच कुळातला, किंचित आखूड. तो उकडूनच विकतात आणि बांबूच्या चपट्या टोपलीत दोन-तीन मासे नीट बसावेत म्हणून त्यांच्या माना खाली मुडपलेल्या असतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा गृहपाठ न केलेल्या मुलांची रांगच उभी आहे असे वाटले. हुमणात, म्हणजे आपल्या माशाच्या आमटीत, तो अगदी शेवटी सोडावा, नाहीतर चुरा होतो. उत्तर थायलंडमध्ये ‘मखवॅन’ म्हणून जे मिळते ते तिरफळाच्याच जातकुळीतले, त्यामुळे माझे हे टोपणनाव इथेही चालून जाते. सोले (आमसुले) मात्र मिळत नाहीत. चिंच घालून हुमण होते, पण ते जेवताना आपण परगावी आहोत हे विसरता येत नाही.

रविवारी संध्याकाळी था पे दरवाजापासून आतला रस्ता वाहनांना बंद करून मोठा बाजार भरतो. सहा वाजता राष्ट्रगीत लागते आणि सुट्टे मोजणारा हातसुद्धा जागीच थांबतो. पहिल्या रविवारी मी मोबाइलमध्ये डोके घालून चालतच राहिलो होतो, तेव्हा एका विक्रेत्या आजीने बाही धरून मला उभे केले. ओरडली नाही, गीत संपल्यावर हसली.

दोन गोष्टी मात्र त्रासाच्या आहेत. परदेशी माणसाने दर 90 दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो. ते कार्यालय सुट्टीच्या दिवशी बंद असल्यामुळे, ऑनलाइन अर्ज अडला तर रजा टाकून जावे लागते. दुसरी गोष्ट धुराची. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतातील काडीकचरा आणि रान जाळल्यामुळे हवा इतकी धुरकट होते की शहराला लागूनच असलेला दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा होतो. त्या महिन्यांतले रविवार खिडक्या लावून घरातच काढावे लागतात. थायलंडचे शैक्षणिक वर्ष मेच्या मध्याला सुरू होत असल्यामुळे मोठी सुट्टी याच सुमारास येते. आमच्यापैकी बरेचजण तेव्हा गाव गाठतात.

फोंड्याच्या बाई यांचे उत्तर

मी हनोईत अडीच वर्षे शिकवून परत आले आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. आपण ज्याला शनिवार-रविवार म्हणता तो शिकवणी केंद्रात काम करणाऱ्याला नसतोच. मुले आठवडाभर शाळेत असतात, म्हणून केंद्रे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरतात. माझा शनिवार सकाळी आठला पाच वर्षांच्या मुलांबरोबर सुरू व्हायचा आणि शेवटचा वर्ग रात्री आठला सुटायचा, रविवारही तसाच. मुलाखतीत ‘आठवड्याला दोन दिवस सुट्टी’ एवढेच सांगितले होते. कोणते दोन, हे विचारायचे मला सुचले नाही, हा दोष माझाच.

माझी सुट्टी सोमवार-मंगळवारी असायची. सोमवारी हो ची मिन्ह यांची समाधी बंद आणि बरीच संग्रहालयेही बंद. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते 2016 पासून शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र केवळ पायी फिरणाऱ्यांसाठी मोकळे ठेवतात. तेही मला रविवारी वर्ग सुटल्यावर, दुखऱ्या घशाने, तासभरच पाहायला मिळत. साहित्य मंदिर मात्र सोमवारीही उघडे असे. 1070 साली बांधलेल्या त्या वास्तूत दगडी कासवांच्या पाठीवर उभे केलेले 82 शिलालेख आहेत आणि त्यांवर जुन्या काळी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे कोरलेली आहेत. परीक्षेच्या दिवसांत मुले तिथे यश मागायला येतात. सोमवारी सकाळी गर्दी नसते. माझ्या कित्येक वह्या तिथल्या झाडाखाली तपासून झाल्या.

सोमवार हा आपला शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाण्याचा वार असल्यामुळे सुट्टी आणि व्रत एकत्र आले, ही सोय मात्र झाली. तिथे शिवराक जेवणाला ‘चाय’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात ‘चाय’ अशी पाटी पाहून मी चहाच्या आशेने आत शिरले आणि समोर भात, तळलेला टोफू आणि उकडलेली भाजी आली. पुढची अडीच वर्षे सोमवारचे जेवण त्याच दुकानात झाले. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मात्र अनेकजण मांसमच्छी वर्ज्य करतात, तेव्हा तिथे बसायला जागा मिळत नसे.

एकटेपणाविषयी आपण विचारलेच आहे. सगळे शहर कामावर असताना आपल्याला सुट्टी असली की सोबतीला फक्त आपल्याच केंद्रातले शिक्षक उरतात आणि मग सुट्टीतही केंद्राच्याच तक्रारी चालतात. 20 नोव्हेंबरला तिथला शिक्षक दिन असतो. त्या दिवशी फुलांनी घर भरले, आणि त्याच रात्री मला घरची सर्वांत जास्त आठवण आली.

मांडवी ते मस्कत यांचे उत्तर

बाईंनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे, मी मस्कतपुरती भर घालतो. ओमानमध्ये 1 मे 2013 पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. त्याआधी ती गुरुवार-शुक्रवारी असे. म्हणजे रविवारी आपण वर्गात उभे. म्हापशाच्या माणसाला शुक्रवार हा बाजाराचा वार असल्याने आपल्याला निदान ते तरी जड जाऊ नये! सकाळी लवकर मुत्रा येथील मासळी बाजार गाठावा, कारण दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकाने बंद होतात. विसवणाला (सुरमईला) तिथे ‘कनद’ म्हणतात आणि 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर त्याच्या मासेमारीवर बंदी असते. गोव्यातील बंदी 31 जुलैला संपते. घरच्यांनी फोनवर ताज्या मासळीचे वर्णन सुरू केले की इथली बंदी पंधरा दिवसांवर आलेली असते.

मराठी, कोकणी माणसे मुबलक आहेत आणि शहरात कृष्णाचे व शिवाचे मंदिर आहे, त्यामुळे संध्याकाळ रिकामी जात नाही. मात्र चवथ (गणेश चतुर्थी) कामाच्या दिवशी आली तर रजा मागावी लागते. गेल्या वेळी मी गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी पाहिली ती मधल्या सुट्टीत, भावाने पाठवलेल्या छायाचित्रात.

बार्देसकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. बाईंचे वाचून हनोईच्या केंद्राला लगेच लिहिले. ‘दोन दिवस सलग सुट्टी, वार गरजेनुसार’ असे उत्तर आले आहे. आई दिवेलागणीनंतर फोनवर बोलते आणि नऊला झोपते. हे कुठे जमेल?

फोंड्याच्या बाई

हनोई आणि चियांग माईची घड्याळे आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहेत, मस्कतचे दीड तास मागे. हनोईत रविवारी आठला वर्ग सुटला की गोव्यात साडेसहा वाजलेले असतात, तेवढे जमते. मात्र ‘गरजेनुसार’ हा शब्द कागदावर राहू देऊ नका. वार लिहून घ्या आणि तिथल्या एखाद्या शिक्षकाचे गेल्या महिन्याचे वेळापत्रक मागून पाहा.

तिरफळ

चियांग माई ठरल्यास कृपया एक किलो सोले घेऊन यावीत. पैसे इथे पोहोचताच देईन.