ग्लुकोजचं ‘वलय’ की ‘कडं’?

कोथरूडकर : शाळकरी मुलांसाठी साखरेवरचा लेख मराठीत आणतेय. पाण्यात ग्लुकोजच्या रेणूतली सहा कार्बनची उघडी साखळी मिटते, त्या रूपाला मी ‘वलयांकित ग्लुकोज’ लिहिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, “वलयांकित म्हणजे नाटकातले नट ना गं?” वाक्य असं : ‘साखळीची दोन टोकं जुळून वलय होतं.’ ‘वलय’ ठेवू की ‘कडं’ करू?

निवृत्त शिक्षक : ताई, आधी वाक्य सुधारा. टोकाला टोक जुळत नाही. पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन पहिल्या कार्बनला धरतो. कड्यात पाच कार्बन, एक ऑक्सिजन. सहावा कार्बन बाहेर लोंबतो. फळ्यावर आलेली मुलं हमखास तोही आत घालायची.

शनिवारपेठ : शनीची कडी चालतात, मग ग्लुकोजनं काय घोडं मारलंय? ‘कडं’च लिहा.

शब्दवेडा : आणि विशेषण कसं करणार? ‘वलयी’ होतं, ‘कडं’चं काय? शिवाय दाराचीही ‘कडी’च. वलय म्हणजे मुळात हातातलं कंकणच की!

सोनारकन्या : साखळी लांब झाली की बाबा फासा शेवटच्या कडीत न घालता अलीकडच्या कडीत अडकवायचे, उरलेला तुकडा मानेमागे लोंबायचा. ग्लुकोजचंही तेच दिसतंय. ‘अडकते’ लिहा.

निवृत्त शिक्षक : उदाहरण फार छान, पण ‘अडकते’ नको. ती पुन्हा उघडते, पुन्हा मिटते. पाण्यात उघडे रेणू १ टक्क्याहूनही कितीतरी कमी. तरी बेनेडिक्ट चाचणीत, म्हणजे निळ्या द्रावणात साखर तापवून बघतात त्यात, विटकरी रंग येतो तो त्यांच्यामुळेच. ते संपत जातात तशी कडी उघडत जातात. खरी अडकते ती उसाची साखर : तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज (फळांतली साखर) एकमेकांना नेमके उघडण्याच्या जागी धरून बसतात, म्हणून ती चाचणीला दाद देत नाही.

कोथरूडकर : मग ‘मिटते’च ठेवते. पण नामाचं काय?

शनिवारपेठ : साखर आणि साखळी एकाच मुळातले असणार. पाडव्याची गाठी म्हणजे साखरेची साखळीच ना!

शब्दवेडा : अजिबात नाही. साखर शर्करेवरून, आणि शर्करा म्हणजे आधी खडा, वाळू. साखळी शृंखलेवरून.

सोलापूरची : आमच्याकडे नुसती गाठी नसते, हार-कडे असतात. लहानपणी साखरेचं कडं मनगटात घालून हिंडायचो. घामानं चिकट व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत चाटून अर्धं व्हायचं. पुण्यात मिळतात का हो?

शनिवारपेठ : गाठी हव्या तेवढ्या. कडी नाही पाहिली कधी.