कुत्रा चावलेल्या मुलाला लगेच दुसऱ्या कुत्र्याजवळ नेऊ नका

कडुलिंब:
'मूल कुत्रा चावून घाबरलं तर त्याच दिवशी दुसऱ्या कुत्र्याला हात लावायला लावा, भीती बसतच नाही' असा लेख काल इथे आला, आणि खाली वाहवाच वाहवा. राहवलं नाही म्हणून लिहितोय. अंग अजून थरथरतंय आणि तुम्ही त्याला कुत्र्यासमोर उभं करणार? ते किंचाळून पळालं की मनात एवढंच ठसतं: पळालो म्हणून वाचलो. झोप उडणं, दचकणं, अंथरूण ओलं करणं, खेळातही तोच हल्ला पुन्हा पुन्हा करणं, हे बहुतेक मुलांत काही आठवड्यांत ओसरतं. महिन्यानंतरही टिकलं तर तज्ज्ञाकडे न्या. तोवर 'सांग काय झालं' म्हणून खोदू नका.

शिस्तप्रिय:
आणि तोवर? आधी रस्ता टाळणार, मग मैदान, मग घराबाहेर पडणंच. टाळण्याने भीती पोसली जाते.

कडुलिंब:
मान्य, पण म्हणून ढकलायचं नसतं. पायऱ्या करा: चित्र, आवाज बंद केलेला व्हिडिओ, आवाजासह व्हिडिओ, लांब बांधलेला शांत कुत्रा, मग अंतर कमी. भीतीला ० ते १० गुण मुलानेच द्यायचे. ८ वर उठून गेलात तर पायरी वाया. निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबा. आणि कुत्रे बदला, नाहीतर ओळखीच्या एकापुरतीच भीती जाते.

गवतीचहा:
चावलेल्या मोठ्यांची झोप कुत्रा नाही, रेबीजची भीती उडवते. रेबीजमध्ये पाणी गिळता येत नाही, म्हणून घसा अडतोय का ते घोट घोट पाणी पिऊन बघतात. क्षणभर हायसं वाटतं, तासाभराने पुन्हा घोट. त्यांना ठोस गोष्टी लिहून द्या: साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटं धुतली, लसीच्या तारखा (पहिल्या डोसचा दिवस ० धरून ०, ३, ७ आणि पुढचे दिवस), कातडी फाटली असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). १० दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता.

शिस्तप्रिय:
हे १० दिवस असे मोकाट सांगू नका! लोक लस न घेता कुत्र्यावर नजर ठेवत बसतात.

गवतीचहा:
मी तसं कुठे म्हटलं? लस त्याच दिवशी सुरू. कुत्रा धडधाकट राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील. कुत्रा सापडलाच नाही तर सगळे डोस.

शिस्तप्रिय:
मग पहिल्याच वाक्यात तसं लिहायचं होतं. शिवाय माहितीने हा चाळा सुटत नाही. घोट घेण्याची ऊर्मी आली की आधी १० मिनिटं थांबायचं, मग २०.

गवतीचहा:
बरोबर आहे. पण लसच अर्धवट असेल तर ती शंका खरीच असते, तिला चाळा म्हणू नका.

वाळवंटी:
मालकांबद्दल कोणी बोलेना. 'आमचा कधी चावत नाही, तुझ्या मुलानेच खोडी काढली असेल.' हे मुलासमोर बोललं की भीतीत अपराधीपणा मिसळतो, आणि दुसऱ्यांदा चावलं तर मूल घरी सांगतच नाही. मग जखम धुतलीच जात नाही.

शिस्तप्रिय:
हे महत्त्वाचं आहे. आणि ठीक, त्याच दिवशी कुत्र्यासमोर नको. पण तो रस्ता पहिल्याच आठवड्यात, मोठ्याचं बोट धरून.

कडुलिंब:
रस्ता चालेल, कुत्री नसतील अशा वेळी. आणि मूल नको म्हणालं तर कोपऱ्यापर्यंतच.