विश्लेषक तोंड उघडायच्या आधीच काय बोलणार ते कळतं, मग ऐकायचं कशाला?

मोंढ्यावरचा (लातूर)
२०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, अन् बाजारात माल त्याच्या बराच खाली गेला. चॅनेलवर एक ज्येष्ठ विश्लेषक समजावून सांगायलेत, जागतिक बाजार, ब्राझीलचं पीक, सरकार तरी काय करणार! २०२१ ला केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली अन् भाव गडगडला, तेव्हा हेच गृहस्थ मुंबईतल्या सरकारच्या नावानं बोटं मोडत होते. पीक तेच, बाजार तोच. फक्त खुर्चीवरची माणसं बदलली. आमच्या आडतीवर टीव्ही चालू असतो, पण ते बोलायला लागले की पोरं आवाज बंद करून पैज लावतात.

गोदाकाठ (नांदेड)
पैज जिंकता ना? मग तक्रार काय? बाजू माहीत असलेला माणूस परवडला, त्याचं म्हणणं किती वजा करायचं ते आपल्याला ठाऊक असतं. मला भीती वाटते ती ‘मी कोणाचाच नाही’ म्हणणाऱ्याची. अनंतराव भालेराव काय तटस्थ होते? ‘मराठवाडा’ दैनिकातून ठाम बाजू घेऊन लिहायचे. लोक त्यांच्याशी भांडायचे अन् पेपरही वाचायचे.

बालाघाट (बीड)
अहो, कुठं नेऊन जोडलं! अनंतराव आणीबाणीत तुरुंगात गेले. बाजूची किंमत त्यांनी मोजली. आताच्यांना बाजू घेतली की महामंडळ मिळतं. शिवाय पक्षाच्या प्रवक्त्याच्या नावाखाली निदान पक्ष लिहिलेला असतो. हे ‘राजकीय विश्लेषक’ म्हणून बसतात, तिथंच फसवणूक आहे.

खामनदी (संभाजीनगर)
बाजूचं सोडा, यांचे अंदाज बघा. जून २०२४ ला मराठवाड्यातल्या लोकसभेच्या ८ पैकी महायुतीला एकच जागा मिळाली, आमची. लगेच एका गटानं विधानसभेचा निकालही लावून टाकला. नोव्हेंबरला महायुतीचे तीन मोठे पक्ष मिळून २८८ पैकी २३० वर. दुसरा गट आधी ‘चारसौ पार’ म्हणत होता, एनडीए २९३ वर थांबली. चुकलेल्यांपैकी कोणाची खुर्ची गेली? फिलिप टेटलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २८४ जाणकारांचे अंदाज वर्षानुवर्षं तपासले. प्रसिद्धी जास्त त्यांचे अंदाज उलट कच्चे निघाले. ठासून बोलणाराच बोलावला जातो, मग दुसरं काय होणार?

गोदाकाठ (नांदेड)
अंदाज चुकणं हा गुन्हा नाही हो. बीडला पंकजाताई साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पडल्या. एवढ्या फरकाचं कोण छातीठोक सांगणार?

बालाघाट (बीड)
छातीठोक सांगितलं म्हणूनच तर राग आहे. ‘सांगता येत नाही’ म्हणायला काय जीभ झडते? असो. मला एवढंच सांगा, आपल्याच बाजूच्या सरकारला पीकविम्यावरून धरणारा एक तरी पॅनेलवर पाहिलाय का?

मोंढ्यावरचा (लातूर)
होता की एक. कंपनीनं पंचनाम्याचं काय केलं ते आकड्यांसकट बोलला. नंतर दिसला नाही. आता स्वतःचा यूट्यूब चॅनेल चालवायलाय.

खामनदी (संभाजीनगर)
अन् त्याच्या व्हिडिओखाली सगळे विरोधी बाजूचेच टाळ्या वाजवायलेत. दोन महिन्यांत तोही त्यांना हवं तेच बोलायला लागला नाही तर मला सांगा.

गोदाकाठ (नांदेड)
लावता पैज?